चावतंय की खेळतंय? सील, सी लायन आणि पाणमांजर पाण्यात भेटतात तेव्हा

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्यानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दीड मिनिटाचा एक व्हिडिओ टाकला. तो सॅन दिएगोला नोकरीला आहे आणि सुट्टीच्या दिवशी तिथल्या ला होया नावाच्या किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंग, म्हणजे हवेची टाकी लावून बुड्या मारणं, करतो. व्हिडिओत हिरवट पाणी, हेलकावे खाणारं समुद्री गवत आणि त्यातून सुसाट आलेलं एक तपकिरी जनावर. ते त्याच्याभोवती उलटंपालटं होत दोन गिरक्या घेतं, तोंडासमोर येऊन बुडबुडे सोडतं आणि मग मागं जाऊन त्याच्या पायातली फिन, म्हणजे पोहताना पायात घालायचं रबरी वल्हं, दातांत धरून ओढतं.

आमची आई शुक्रवार पेठेतल्या घरी सोप्यात बसून, मोबाईल डोळ्यांजवळ धरून तो व्हिडिओ तीनदा बघत होती. मग मला म्हणाली, "अगं, हे चावतंय की खेळतंय त्याच्यासंगं?"

मी गेली अठरा वर्षं मुलींना पोहायला शिकवते. पाण्यातल्या माणसाचं शरीर मला कळतं, पण या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते शोधायला बसले आणि बरेच महिने त्यातच रमले. भाच्याला फोनवर खोदून खोदून विचारलं, मिळेल ते वाचलं. त्यातून जे समजलं ते इथं सांगते. आपल्याकडची मुलं-मुली आता शिकायला, कामाला, फिरायला कॅलिफोर्निया, केप टाउन, ऑस्ट्रेलियाला जातात आणि तिथं हमखास या जनावरांसोबत पाण्यात उतरतात, म्हणूनही हे माहीत असलेलं बरं.

आधी ओळख करून घेऊ, कारण मराठीत या नावांची सगळी सरमिसळ झाली आहे. वर्तमानपत्रं सी लायनला कधी समुद्रसिंह म्हणतात, तर कधी सरळ सील म्हणून मोकळी होतात. ओळखायला सोपी खूण कानाची. सी लायनला डोक्याच्या बाजूला छोट्या पाळ्या असतात, सीलला नुसती भोकं. दुसरी खूण चालीची. सी लायन मागचे पाय पोटाखाली वळवून चारही पायांवर चालतो, खडकावर चढतो, धावतोसुद्धा. सीलचे मागचे पाय पुढं वळतच नाहीत, त्यामुळं तो जमिनीवर सुरवंटासारखा पोटावर सरपटतो. पाण्यात उतरले की फरक आणखी स्पष्ट होतो. पोहण्याच्या भाषेत सांगायचं तर सी लायनची सगळी ताकद हातात आहे आणि सीलची सगळी किकमध्ये. सी लायन पुढची लांब वल्ही पंखांसारखी मारत जातो. सील मागचा भाग माशासारखा डावीउजवीकडं हलवतो. व्हिडिओतलं जनावर कॅलिफोर्निया सी लायन होतं, तेही बहुधा वर्ष-दोन वर्षांचं पोर.

तिसरं पाणमांजर, म्हणजे ऊद. नावात मांजर असलं तरी ते विझल-बॅजरच्या कुळातलं. आणि झाडावर चढणारं उदमांजर ते हे नव्हे. या दोघांची गल्लत शिकलेली माणसंही करतात. नद्या-तळ्यांत राहणारी पाणमांजरं ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका सोडून जगभर आहेत, भारतात त्यांच्या तीन जाती. समुद्रात जन्म काढणारं समुद्री पाणमांजर मात्र उत्तर प्रशांत महासागरातच, अलास्का, कॅलिफोर्निया, रशियाच्या पूर्व टोकाला.

सील आणि सी लायन भारताच्या किनाऱ्यावर राहत नाहीत. फोंडा घाट उतरून मालवणला डायव्हिंगला जाणाऱ्या आमच्या कोल्हापूरच्या मंडळींपैकी कुणीतरी "इथं सी लायन दिसंल का?" असं विचारतंच. उत्तर चरबीत आहे. या जनावरांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. तो थंड पाण्यासाठीच बनलेला आहे, आणि थंड पाण्याच्या प्रवाहांत मासळीही मुबलक असते. विषुववृत्तावरच्या गॅलापागोस बेटांवर सी लायन आहेत खरे, पण तेही तिथं थंड प्रवाह येऊन पोचतात म्हणूनच. उबदार पाण्यात राहणाऱ्या मोजक्या जाती मंक सीलच्या. त्यांतली हवाईची आणि भूमध्य समुद्रातली कशीबशी तगून आहे, कॅरिबियन समुद्रातली १९५२ नंतर कुणाला दिसलेली नाही.

आता आईच्या प्रश्नाकडं येते.

तान्हं मूल रांगायला लागलं की हाताला येईल ते तोंडात घालतं. ते खात नसतं, बघत असतं. सी लायनचं तसंच आहे, फक्त त्याची ही सवय सुटत नाही, कारण त्याच्याकडं हातच नाहीत. पुढचे दोन्ही पाय वल्ही झालेत. त्यांनी काही धरता येत नाही, चाचपता येत नाही. एखादी वस्तू कडक आहे की मऊ, जिवंत आहे की मेलेली, ओढली तर येते की नाही, हे सगळं त्याला तोंडानंच विचारावं लागतं. डायव्हरची फिन रबराची, रंगीत, पाण्यात हलणारी. मागून ती एखाद्या वेगळ्याच माशाच्या शेपटीसारखी दिसत असणार. वेटसूटची टोपी, कॅमेऱ्याचा पट्टा, श्वास घ्यायच्या रेग्युलेटरची नळी, सगळं त्याला दातांत धरून बघायचं असतं. जोर मोजका असतो. हाच जबडा खेकड्याचं कवच फोडतो, पण फिनवर त्याच्या दातांची जेमतेम खूण उमटते.

तोंडाहूनही नाजूक अवयव म्हणजे मिशा. सीलच्या एकेका मिशीच्या मुळाशी हजार-दीड हजार मज्जातंतू असतात. २००१ मध्ये जर्मन संशोधकांनी हार्बर जातीच्या सीलवर केलेला प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी सीलच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, कानांवर हेडफोन चढवले आणि एक छोटी खेळण्यातली पाणबुडी पाण्यातून पुढं सोडली. ती दूर जाऊन थांबली, मग हेडफोन काढून सीलला सोडलं. तो पठ्ठ्या पाणबुडीनं कापलेल्या पाण्याच्या मागावरून, तिनं घेतलेली वळणं घेत, थेट तिच्यापाशी पोचला. मिशा झाकल्या तेव्हा मात्र त्याला माग लागेना. मासा पोहून गेला तरी पाण्यात त्याच्या शेपटीची वळवळ काही काळ उरते. सील ती वळवळ मिशांनी वाचतो. म्हणजे डायव्हर पाण्यात फिन मारत निघतो तेव्हा त्याच्या मागं सीलसाठी मोठा रस्ताच तयार होत असतो. गढूळ पाण्यातसुद्धा सील आपल्याला शोधून काढतो ते यामुळं.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ फार्न बेटं आहेत. तिथं राखाडी सील मोठ्या संख्येनं राहतात आणि डायव्हर मुद्दाम त्यांच्यासाठी जातात. सी लायन साधारण समोरून येतो, डोळ्यांत बघतो, गिरक्या मारून दाखवतो. राखाडी सील बुजरा. तो मागून येतो. डायव्हरला कळतं ते फिनला हलकासा हिसका बसल्यावर. वळून बघावं तर नुसती सावली खडकामागं जाताना दिसते. जरा वेळ गेला की पुन्हा हिसका. अशा वेळी पाठलाग करणाऱ्याला काहीच मिळत नाही. तळाशी एका जागी शांत थांबून, श्वास संथ ठेवून, हात छातीशी घेऊन जो वाट बघतो त्याच्याजवळ सील येतो, कधी कधी फिनवर पुढचे पाय ठेवून बसतोसुद्धा. माझ्या वर्गातली नवी मुलगी जशी आधी कडेला धरून सगळ्यांना बघून घेते आणि मग हळूच हात सोडते, तसं मला ते वाटतं.

मग हे खेळणंच झालं का? पोरांच्या बाबतीत, हो. सी लायनची पिल्लं एकमेकांचा पाठलाग करतात, समुद्री गवताचे तुकडे, तारामासे उचलून सोडतात, पुन्हा पकडतात. उद्या मासा पकडायचा आहे, शार्कला हुलकावणी द्यायची आहे, त्याची ही तालीम. डायव्हर म्हणजे त्यांच्या तालमीत आलेला एक मोठा, संथ आणि निरुपद्रवी पाहुणा.

पण त्याच जागी मोठा नर असेल तर गोष्ट बदलते. कॅलिफोर्निया सी लायनची मादी शंभर किलोच्या आसपास भरते, नर साडेतीनशेपर्यंत जातो. वीण सुरू असली की नर आपल्या किनाऱ्याच्या तुकड्यापुढं येरझाऱ्या घालतो. पाण्याखालीही तो भुंकतो, आणि तो आवाज डायव्हरला छातीत जाणवतो असं भाचा सांगतो. तो थेट अंगावर वेगानं येऊन ऐनवेळी वळतो, तोंड उघडून दात दाखवतो, तोंडावर बुडबुड्यांचा लोट सोडतो. पिल्लाचे बुडबुडे आणि नराचे बुडबुडे यांत फरक कसा करायचा, असं मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, पिल्लू बुडबुडे सोडून तिथंच थांबतं, तू काय करतेस ते बघायला. नर सोडतो आणि तुझ्या आणि माद्यांच्या मधे उभा राहतो." अशा वेळी पाठ न दाखवता, घाई न करता, आलो त्या वाटेनं मागं सरकायचं. तो जागा मागतोय, ती द्यायची.

आणि हात आवरायचे. सगळ्या चांगल्या डायव्हर लोकांचं यावर एकमत आहे. हात पुढं केला की त्याला वाटतं आपण काहीतरी देतोय, मग तो हातही तोंडानंच तपासतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तसं होतं. फिनला सोसणारा चावा बोटाला सोसत नाही. खायला घालणं तर त्याहून वाईट. एकदा माणसाच्या हातातून मासा मिळाला की पुढच्या प्रत्येक माणसाच्या हाताकडं ते जनावर त्याच नजरेनं बघतं, आणि शेवटी नुकसान त्याचंच होतं.

अमेरिकेत १९७२ पासून समुद्री सस्तन प्राण्यांसाठी कायदा आहे. त्यांना हात लावणं, खायला घालणं, पाठलाग करणं, झोपेतून उठवणं, सगळा गुन्हा. सील आणि सी लायनपासून सुमारे ४५ मीटर लांब राहा, असं तिथलं सरकारी खातं सांगतं. ते आपणहून आपल्याकडं आले तर गोष्ट वेगळी. आपण जायचं नाही. ला होयाच्याच एका छोट्या खाडीत हार्बर सील वितात, म्हणून १५ डिसेंबर ते १५ मे तो किनारा माणसांना पूर्ण बंद असतो. भाचा सांगतो की लोक वरच्या कठड्यावर तासन्‌तास उभे राहून पिल्लं बघतात. मला ही व्यवस्था फार योग्य वाटते.

आता माझ्या आवडीचा भाग, दम धरण्याचा.

मी प्रयाग चिखलीच्या आमच्या शेतातल्या विहिरीत पोहायला शिकले. पाठीला डबा, कमरेला कासरा आणि वर काठावर काका. डबा सुटल्यावर आम्हा पोरांची पैज लागायची, कुणाचा दम जास्त. त्यासाठी एक युक्ती सगळ्यांना माहीत होती: बुडी मारण्याआधी भराभर दहा-वीस श्वास घ्यायचे, मग जास्त वेळ खाली राहता येतं. ही युक्ती जीवघेणी आहे, आणि सील समजून घेतला की ती का जीवघेणी आहे तेही समजतं.

श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन संपला म्हणून नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला म्हणून. भराभर श्वास घेतल्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो. म्हणजे धोक्याची घंटाच काढून ठेवल्यासारखं होतं. खाली ऑक्सिजन संपत जातो, पण गुदमरल्याची जाणीवच होत नाही, आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो. बहुतेकदा वर येताना, काठ हाताशी आलेला असताना. माझ्या वर्गात ही पैज मी कधीच लावू देत नाही.

सील याच्या उलट करतो. बुडी मारण्याआधी तो फुप्फुसातली हवा बाहेर सोडतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पटेना. पण त्याचा ऑक्सिजन फुप्फुसात नसतोच. तो रक्तात आणि स्नायूंत साठवलेला असतो. शरीराच्या मानानं त्याचं रक्त आपल्यापेक्षा खूप जास्त. स्नायूंत ऑक्सिजन धरून ठेवणारं मायोग्लोबिन इतकं की मांस काळपट दिसतं. बुडी मारताच हृदयाचे ठोके झपाट्यानं कमी होतात. काही जातींत मिनिटाला शंभराच्या पुढं असलेले ठोके दहापर्यंत उतरतात. हातपाय, कातडी, पोट यांचा रक्तपुरवठा आवळला जातो, मेंदू आणि हृदयाचा चालू राहतो. अंटार्क्टिकातला वेडेल सील तासाहून जास्त वेळ बर्फाखाली राहू शकतो. एलिफंट सील तर २,००० मीटरच्याही खाली गेल्याच्या नोंदी आहेत.

या गुणाचा अंश आपल्यातही आहे. थंड पाण्यात चेहरा बुडवून दम धरला की आपलेही ठोके मंदावतात. थंडीत सकाळी पंचगंगेच्या घाटावर मनगटाची नाडी धरून हे कुणालाही बघता येईल.

स्कूबा डायव्हरचं गणित मात्र अगदी वेगळं. दर दहा मीटरला दाब एका वातावरणानं वाढतो. टाकीतली हवा त्या दाबानं फुप्फुसात येते, आणि तिच्यातला नायट्रोजन रक्तात, चरबीत विरघळत राहतो. डायव्हर घाईनं वर आला तर गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर जसे बुडबुडे उसळतात तसे ते रक्तात उसळतात. त्यातून सांधेदुखी, लकवा, कधी मृत्यू. सील एकाच श्वासावर जातो, तोही सोडलेला. खोलवर त्याची फुप्फुसं दाबली जाऊन हवेची देवाणघेवाणच थांबते, त्यामुळं विरघळायला नायट्रोजन फार उरत नाही. सी लायन मात्र बहुधा हवा भरून घेऊन उतरतो आणि त्याच्या बुड्याही लहान. डायव्हरनं हे ध्यानात ठेवायचं ते एवढ्यासाठी की सी लायन एका क्षणात वीस मीटरवरून वर जातो आणि परत येतो. त्याच्या नादानं आपण वरखाली केलं तर त्याला काही होणार नाही, आपल्याला होईल. भाच्याच्या गुरूनं त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, डोळे त्याच्यावर ठेव पण पोहताना मनगटावरचा खोलीमापक बघत राहा.

समुद्री पाणमांजराला चरबीचा थर नाही. थंड पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगानं ओढून घेतं, तरी ते उत्तरेच्या पाण्यात जगतं ते निव्वळ केसांवर. एका चौरस सेंटीमीटरात दीड लाखापर्यंत केस. आपल्या अख्ख्या डोक्यावर लाखभर असतात. या केसांत हवा अडकते आणि पाणी कातडीला लागतच नाही. त्यासाठी ते दिवसभर अंग साफ करत, लोळत, केस फुगवत बसतं. वरवर चाळा वाटतो, पण त्याचा जीव त्यावर आहे. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज फुटलं तेव्हा तेलानं केस चिकटून हजाराहून जास्त पाणमांजरं मेली. त्यांतली बरीच थंडीनं. शिवाय शरीर तापतं ठेवायला त्याला रोज स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्शाएवढं खावं लागतं. शिंपले, खेकडे, सी अर्चिन नावाचे काटेरी गोळ्यासारखे जीव. छातीवर दगड ठेवून त्यावर शिंपला आपटून फोडतं, आवडीचा दगड काखेतल्या कातडीच्या पिशवीत ठेवून फिरतं. आमच्या आईला ही गोष्ट फार भावली. पाटावरवंटा घेऊन फिरतंय म्हणाली.

या केसांपायीच त्यांचा घात झाला. १७४२ मध्ये बेरिंग या दर्यावर्दीच्या मोहिमेतली माणसं कातडी घेऊन रशियात परतली आणि पुढची सुमारे एकशेसत्तर वर्षं शिकार चालली. १९११ मध्ये करार होऊन ती थांबली तेव्हा जगात दोन हजारांच्या आत उरली होती. जिथं ती संपली तिथं सी अर्चिन माजले आणि केल्पची, म्हणजे समुद्रातल्या उंच शेवाळांची जंगलं त्यांनी मुळापासून कुरतडली. जिथं ती परतली तिथं जंगलं परत उभी राहिली. १९७० च्या दशकात अलास्काच्या अल्युशियन बेटांवर जेम्स एस्टिस या शास्त्रज्ञांनी हे पाण्यात उतरून, मोजून दाखवलं. 

पाणमांजराला हात आहेत, म्हणून ते वेगळ्या प्रकारे विचारतं. २०२३ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझमध्ये एक पाच वर्षांची मादी सर्फिंग करणाऱ्यांच्या फळ्यांवर चढून त्या काढून घ्यायला लागली. तिच्या खुणेचा क्रमांक ८४१. लोकांनी हसून व्हिडिओ केले, पण तिचे जबडे शिंपले फोडणारे. अधिकारी तिला पकडायला धडपडत होते. गाभणपणामुळं किंवा माणसांनी आधी खायला घातल्यामुळं तिची भीती गेली असावी, असा त्यांचा अंदाज होता. त्याच वर्षी ती पिल्लासह दिसली.

आता धोक्याचं थोडक्यात, पण नीट. सीलच्या तोंडात एक जंतू असतो. चावा किंवा जखमेला लाळ लागली तर बोट सुजून सांधा आखडतो. नॉर्वेच्या जुन्या शिकाऱ्यांची बोटं यातून कापावी लागत. याच्यावर पेनिसिलिन चालत नाही, टेट्रासायक्लिन गटातलं औषध लागतं. म्हणून डॉक्टरला "सील चावलाय" हे स्वच्छ सांगायचं. कोल्हापुरात परत येऊन दाखवलं तर ते कुणाच्या डोक्यातही येणार नाही.

दुसरं, २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या केप फर सीलमध्ये रेबीज आढळला. केप टाउनजवळ या सीलबरोबर पोहायला जगभरून लोक जातात. तिथं चावा बसला तर कुत्रा चावल्यासारखंच करायचं: जखम साबणानं भरपूर वेळ धुवायची आणि त्याच दिवशी लस. तिसरं, कॅलिफोर्नियात काही वर्षी समुद्रात विषारी शेवाळ माजतं. ते खाल्लेली मासळी सी लायनच्या पोटात जाते, त्याला झटके येतात, तो भ्रमिष्ट होतो आणि पोहणाऱ्यांवर धावून जातो. २०२३ आणि २०२५ मध्ये असं झालं. मान वाकडी करून डुलणारा, किनाऱ्यावर गळाठलेला सी लायन दिसला तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नये.

आणि अंटार्क्टिकातला लेपर्ड सील. २००६ मध्ये पॉल निकलेन या छायाचित्रकारासमोर एका मादीनं चार दिवस पेंग्विन आणून ठेवले, जणू त्याला शिकार येत नाही म्हणून भरवायला. त्याआधी २००३ मध्ये रॉथेरा या ब्रिटिश केंद्राजवळ एका तरुण संशोधिकेला याच जातीच्या सीलनं खाली ओढून नेलं आणि तिचा मृत्यू झाला. दोन्ही खरं आहे. एका भेटीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

हे सगळं मी आईला तुकड्या-तुकड्यानं सांगत होते. पाणमांजराचा फोटो दाखवला तेव्हा ती म्हणाली, "हे तर आमच्यात होतं की." तिचं माहेर भोगावतीच्या काठाला, राधानगरीच्या खालच्या अंगाला. भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी मिळून पंचगंगा होते, ती नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. पुढं कर्नाटकातून आलेली तुंगभद्राही त्याच कृष्णेला मिळते. त्या तुंगभद्रेवर हंपीजवळ २०१५ मध्ये ३४ किलोमीटरचा पट्टा खास पाणमांजरांसाठी राखीव झाला. खडक, खोल डोह, दाट काठ आणि मासे, एवढंच त्यांना लागतं. जिलेटिनचा बार उडवून केलेली मासेमारी, काठाचा वाळूउपसा आणि मेलेले मासे तरंगवणारं काळं पाणी त्यांना चालत नाही. आपल्या नदीकडं बघून हे लिहिताना मला त्रास होतो. गेल्या दोन उन्हाळ्यांत, पाणी उतरल्यावर, मी आईच्या माहेरच्या डोहापाशी खडकांवर त्यांची विष्ठा शोधत फिरले. ती ठराविक खडकावरच टाकतात. तिच्यात माशांचे खवले चमकतात आणि ओल्या मासळीचा उग्र वास येतो. मला अजून दिसलेली नाही. यंदा पाणी उतरलं की पुन्हा जाणार आहे.

पाणमांजराच्या पिल्लाला जन्मतः पोहता येत नाही. हार्बर सीलचं पिल्लू जन्मल्यावर थोड्याच वेळात पोहू शकतं, पाणमांजराच्या पिल्लाला शिकवावं लागतं, हे वाचून मी आईला सांगायला गेले. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "ठाऊक आहे. मोठी दोन होती, बारकी तीन. बारकी काठावर ओरडत होती, पाण्यात उतरंनात. मग आईनं एकेकाचं मानगूट धरलं आन्‌ ओढून नेलं डोहात. आम्ही धुणं तिथंच टाकून बघत बसलो हुतो."